पुण्यात सराव करून मुंबईची पूर्ण मॅरेथॉन कशी पळावी

डिसेंबरातल्या पहाटे पाषाणच्या रस्त्यावर पळताना घड्याळात जो वेग दिसतो, तोच जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत दिसेल असं गृहीत धरू नका. पुण्यातून जाणाऱ्या हौशी धावपटूंचं गणित बहुतेक वेळा इथेच चुकतं. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे १० ते १२ अंश तापमान आणि कोरडी हवा असते. मुंबईत त्याच वेळी १८ ते २० अंश असतात आणि वर समुद्राचा दमटपणा. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसता निथळत राहतो. मग अंगातली उष्णता बाहेर काढायला शरीर जास्त रक्त त्वचेकडे वळवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला नाडी मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनी वर जाते. पहिल्या तासात हे जाणवत नाही. तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत मात्र त्याची वसुली होते.

पुढचं सगळं साधारण ४ ते साडेपाच तासांत पूर्ण मॅरेथॉन (४२.२ किमी) संपवू पाहणाऱ्यांसाठी आहे. नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून चार दिवस पळणाऱ्यांसाठी म्हणा ना.

सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून अठरा आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरचा मध्य येतो. तिथे सुरुवात करताना १० किमी न थांबता सहज पळता यायला हवेत आणि आधीचे दोन-तीन महिने आठवड्याला २५ ते ३० किमी झालेले असावेत. तेवढा पाया नसेल तर यंदा अर्धमॅरेथॉन (२१.१ किमी) पळा आणि पूर्ण पुढच्या वर्षी. चार महिन्यांत शून्यावरून ४२ वर जाणाऱ्यांचं हृदय तयार होतं, पण स्नायुबंध आणि नडगीची हाडं मागे राहतात, कारण त्यांना मजबूत व्हायला जास्त वेळ लागतो. नोव्हेंबरात नडगी किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते ती यामुळेच.

वय चाळीसच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. ते सांगतील तर स्ट्रेस टेस्टही करा. हे टाळू नये.

आठवड्याची मांडणी साधी ठेवा. मंगळवारी थोडा वेगाचा सराव, गुरुवारी ८ ते १२ किमी सावकाश, शनिवारी ५-६ किमी अगदी आरामात आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं. उरलेल्या दिवसांतले दोन दिवस वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम करा. एका पायावरच्या बैठका, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, प्लँक आणि नितंबांचे व्यायाम एवढे पुरतात. निदान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. एकूण पळण्यातलं ऐंशी टक्के पळणं असं असावं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं.

लाँग रन १६ किमीपासून सुरू करा. दर आठवड्याला दोन किमी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर पाऊणपट करा. ऑक्टोबरअखेर २२-२४, नोव्हेंबरअखेर २८, आणि डिसेंबरात एकदा ३० आणि एकदा ३२ किमी. ३२ चा रन स्पर्धेच्या तीन ते चार आठवडे आधी संपला पाहिजे. साडेतीन तासांच्या वर कुठलाही लाँग रन नेऊ नका. किलोमीटरला साडेसात मिनिटं लागत असतील तर २८ किमी झाले की तुमचं काम झालं. त्यापुढे फायद्यापेक्षा झीज जास्त होते आणि ती भरून यायला पुढचा पूर्ण आठवडा जातो.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यातच एखादी अर्धमॅरेथॉन जोर लावून पळा. १९८३ पासूनची पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन साधारण याच सुमारास होत आली आहे, पण तारीख आधी पाहून घ्या. या अर्धमॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून त्यात किमान २० मिनिटं घाला, पहिलीच पूर्ण मॅरेथॉन असेल तर ३०. अर्ध्याला २ तास ५ मिनिटं लागली असतील तर पूर्णाला ४ तास ३० ते ४ तास ४०, याहून कमी धरू नका.

शेवटचे तीन आठवडे टेपरचे, म्हणजे पळणं कमी करत नेण्याचे. आधीच्या सर्वांत मोठ्या आठवड्याच्या ८०, ६० आणि ४० टक्के अंतर ठेवा. पळण्याचे दिवस कमी करू नका, प्रत्येक दिवसाचं अंतर कमी करा. या काळात पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात, झोप बिघडते. घाबरून जाऊन जास्तीचा लाँग रन करू नका. शेवटच्या दहा दिवसांतल्या मेहनतीचा फायदा स्पर्धेपर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो.

पुण्यातले रस्ते कशासाठी वापरायचे

लांब आणि सलग अंतरासाठी सिंहगड रस्त्यानं खडकवासल्यापर्यंत जाऊन परत या. स्वारगेटहून धरलं तर साधारण ३० किमी भरतात. पहाटे साडेचारला निघालात तर परतताना वाहनं वाढायच्या आत नांदेड फाटा ओलांडता येतो. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. पण रस्ता कडेला उतरता असतो आणि एकाच उतारावर तासन्‌तास पळलं की एका बाजूचा खुबा आणि गुडघा कुरकुरतो. म्हणून रिकामा पट्टा मिळेल तिथे मधल्या सपाट भागावर या. मागे दिवा आणि अंगात चमकणारं जाकीट हवंच.

पाण्याची सोय करायची असेल तर चार-पाच किमीची फेरी ठरवा आणि एका ठिकाणी बाटल्या ठेवा. विद्यापीठाचा परिसर आणि पाषाणकडचे रस्ते यासाठी चांगले आहेत. कुत्री मागे लागली तर पळायचं थांबून चालायला लागा, नजर टाळा आणि हात खाली ठेवा. पळत राहिलात की ती पाठलाग सोडत नाहीत.

वेताळ टेकडी आणि तळजईची माती शनिवारच्या आरामाच्या पळण्यासाठी. पायांना मऊ जमीन मिळते आणि घोट्याचे छोटे स्नायू कामाला लागतात. सिंहगड चढणं हा उत्तम व्यायाम आहे, पण तो लाँग रनच्या जागी मोजू नका. उतरताना मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना जो मार बसतो तो आठवडाभर टिकतो. शेवटच्या चार आठवड्यांत गडाला जाऊ नका.

मुंबईचा मार्ग सपाट म्हणून ओळखला जातो आणि बराचसा तो तसाच आहे. पण बहुतेक वर्षांत परतीच्या वाटेवर, ३५ किमीच्या पुढे, पेडर रोडचा चढ येत आला आहे. एरवी हा चढ कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण तिथे पोचेपर्यंत मांड्यांत काही उरलेलं नसतं. त्याची तयारी पुण्यात सहज होते. तीन-चार लाँग रन असे आखा की शेवटच्या तीन किलोमीटरांत चढ लागेल. सेनापती बापट रस्त्याचा किंवा बाणेर-पाषाण लिंक रोडचा चढ यासाठी नेमका आहे. चढावर वेग पाहू नका, श्वास पाहा. पावलं लहान, नजर दहा मीटर पुढे, हात थोडे जास्त हलवायचे. माथ्यावर पोचल्यावर लगेच सुसाट सुटू नका, आधी वीस-तीस पावलं श्वास बसू द्या.

दमट हवेची सवय

उष्णतेची सवय अंगाला दहा ते चौदा दिवसांत लागते. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं. पुण्याच्या थंडीत ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधीपर्यंत, आठवड्यातले तीन दिवस ४५ ते ६० मिनिटांचं सावकाश पळणं सकाळी दहानंतर किंवा दुपारी साडेतीनच्या उन्हात करा. ते जमत नसेल तर पहाटेच पळा, पण पूर्ण बाह्यांचा एक जास्तीचा टीशर्ट आत घालून. पळून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं कडकडीत नव्हे, पण चांगल्या गरम पाण्यानं अंघोळ केली तरी फायदा होतो. चक्कर आली तर लगेच थांबवा. हे सगळं सावकाश पळण्याच्याच दिवशी करायचं, वेगाच्या सरावाच्या दिवशी कधीच नाही.

यापेक्षा चांगली रंगीत तालीम हवी असेल तर डिसेंबरातला एक शनिवार-रविवार मुंबईत काढा आणि मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी अशा फेऱ्या करत दोन तास पळा. पुण्यातल्या वेगाशी तुलना केलीत की तुमचा स्वतःचा फरक कळेल. बहुतेकांना किलोमीटरमागे १० ते १५ सेकंद जास्त लागतात. ते लक्ष्याच्या वेळेत आधीच मिळवून ठेवा.

त्याच दिवशी घामाचं मोजमापही करा. पळण्याआधी कपडे काढून वजन, पळून आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन. एक किलो घट म्हणजे एक लिटर घाम, आणि मध्ये जेवढं पाणी प्यायलात ते त्यात मिळवायचं. तासाला ९०० मिली घाम जात असेल तर ५०० ते ६०० मिली पाणी पुरतं. सगळं भरून काढायचा प्रयत्न करू नका. स्पर्धा संपल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेलं असेल तर पाणी फार झालं, आणि रक्तातलं सोडियम पातळ होणं हे थोड्याशा तहानेपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. मळमळ, डोकं दुखणं, बोटांवरच्या अंगठ्या घट्ट होणं, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. पाच तासांहून जास्त पळणारे प्रत्येक टेबलावर पाणी पितात, म्हणून त्यांना हा धोका जास्त.

पळताना काय आणि किती खायचं

शरीरात साठलेली साखर साधारण २००० कॅलरींची असते. पळायला दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी लागते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२ किमीसाठी २७०० च्या वर. यातला काही भाग चरबीतून येतो, पण वेग जितका जास्त तितकी साखर जास्त जळते. सुरुवातीला घाई केलेली माणसं ३० ते ३२ किमीच्या आसपास एकाएकी कोसळल्यासारखी होतात, ती ‘वॉल’ म्हणजे हीच तूट.

म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका जेलमध्ये, म्हणजे पळताना खायच्या कर्बोदकांच्या घट्ट पाकाच्या पुडीत, साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. पहिलं जेल ४० मिनिटांनी, मग दर ३५-४० मिनिटांनी एक, आणि प्रत्येकाबरोबर चार-पाच घोट साधं पाणी. साडेचार तासांसाठी सहा जेल लागतात. जेल सोसत नसेल तर एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, बिया काढलेल्या तीन-चार खजुरांतही तेवढेच. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण तिच्यातल्या तेलामुळे पोटातून हळू सरकते. ती पळून झाल्यावर खा.

भूक लागल्यावर किंवा थकल्यावर खायला घेणं ही सगळ्यात मोठी चूक. तोवर उशीर झालेला असतो आणि दमलेलं पोट काही स्वीकारत नाही. दुसरी चूक म्हणजे एक्स्पोमध्ये (स्पर्धेआधीच्या प्रदर्शनात) विकत घेतलेलं नवं जेल स्पर्धेत पहिल्यांदा खाणं. पोटालाही सराव लागतो. २० किमीच्या पुढचा प्रत्येक लाँग रन स्पर्धेत खाणार तेच खाऊन करा.

मीठ-साखरेसाठी डब्ल्यूएचओच्या सूत्राची ओआरएसची पुडी घ्या आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या लिटरमध्ये घातली की द्रावण घट्ट होतं आणि जुलाब होऊ शकतात. दुखणं दाबायला आयबुप्रोफेनसारखी गोळी पळण्याआधी किंवा पळताना कधीही घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा मार थेट मूत्रपिंडांवर बसतो.

संक्रांतीचा आठवडा

स्पर्धा नेहमी १५ ते २१ जानेवारीच्या दरम्यान येते, म्हणजे संक्रांतीला अगदी लागून. तिळगूळ खायला हरकत नाही. गूळपोळीही गुरुवारपर्यंत तुपाशिवाय चालेल. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी मात्र स्पर्धेच्या आधीच्या तीन दिवसांत येत असेल तर नावापुरतीच घ्या. पावटा, हरभरा, बाजरी हे सगळं एरवी उत्तम, पण त्यातला चोथा आणि वायू रविवारी पहाटे रांगेत उभं राहताना नको असतात.

गुरुवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंत रोज वजनाच्या दर किलोला ७ ते ८ ग्रॅम कर्बोदकं घ्या. ६५ किलोला ४५० ते ५२० ग्रॅम होतात. शिजवलेल्या भाताच्या वाटीत साधारण ४०, पोळीत १५ ते २० आणि भरल्या ताटलीतल्या पोह्यांत ६० ते ७० ग्रॅम असतात. जास्त जेवायचं नाही, ताटातलं तेल-तूप आणि डाळी-उसळी कमी करून भात वाढवायचा. मऊ भात, बटाट्याची साधी भाजी, रव्याचा कमी तुपाचा शिरा, केळी. वजन एक-दीड किलोनं वाढेल, कारण साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. ते स्पर्धेत उपयोगी पडतं. शनिवारचं जेवण सातच्या आत उरका.

शनिवारी मुंबईत

बिब (छातीवर लावायचा क्रमांक) स्पर्धेच्या सकाळी मिळत नाही, एक्स्पोत जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. शक्य असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी घ्या. शनिवारी गेलात तर काम झालं की लगेच बाहेर पडा. तीन तास स्टॉल बघत हिंडलात तर पाय तिथेच संपतात. मुक्कामाला सीएसएमटी किंवा चर्चगेटपासून चालत जाता येईल अशी जागा पाहा. पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचला सुटत आली आहे आणि रस्ते त्याआधीच बंद होतात. लांब राहत असाल तर पहाटेच्या खास लोकलच्या वेळा आठवडाभर आधी पाहा. पुण्याहून रात्री निघून थेट सुरुवातीच्या रांगेत जाऊन उभं राहण्याचा बेत कितीही सोयीचा वाटला तरी करू नका.

रात्री झोप लागली नाही तर काळजी करू नका. शुक्रवारची झोप महत्त्वाची, ती चांगली घ्या. झोपण्याआधी बिब चार पिनांनी छातीवर लावून ठेवा. त्यात वेळ मोजणारी चिप असते, घडी घालू नका. बूट किमान ५० किमी पळलेले हवेत आणि मोजे सुती नकोत. काखा, मांड्यांची आतली बाजू आणि कमरेचा पट्टा जिथे घासतो तिथे व्हॅसलिन लावा, पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर पट्टीही लावावी. दमट हवेत ही ओरखड-जळजळ पुण्याच्या दुप्पट होते. पुण्याहून आणलेलं स्वेटर खोलीवरच राहू द्या.

रविवार

सव्वादोनला उठा आणि अडीचच्या आत दोन केळी आणि जॅम लावलेले चार ब्रेड किंवा वाटीभर शिरा खा. रोज चहा-कॉफी घेत असाल तरच घ्या. चारपर्यंत सुरुवातीच्या जागी पोचा, स्वच्छतागृहाची रांग अर्धा तास खाते.

पहिले १० किलोमीटर हाच सगळ्या स्पर्धेचा निकाल आहे. अंधार, गर्दी, ढोल आणि टेपरनं ताजे झालेले पाय, यामुळे प्रत्येक जण किलोमीटरला २०-३० सेकंद वेगानं सुटतो आणि त्याला ते सावकाशच वाटतं. मुद्दाम १० ते १५ सेकंद हळू पळा. लक्ष्य ४ तास ३० असेल तर सरासरी ६ मिनिटं २४ सेकंदांची हवी, म्हणून पहिले दहा ६:३५ च्या आसपास. गर्दीतून नागमोडी वाट काढू नका. वळणांवर बाहेरून पळाल्यानं घड्याळ शेवटी साडेबेचाळीसच्या वर दाखवतं, म्हणून वेग घड्याळावर नव्हे तर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर मोजा.

पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी पहिल्या टेबलावर झुंबड उडते, तिथल्याच शेवटच्या टेबलावरून घ्या आणि वीस पावलं चालत प्या. डोक्यावर पाणी घेताना कमरेत पुढे वाका. बूट भिजले की अर्ध्या तासात फोड येतात. सी लिंकवर प्रेक्षक नसतात, सावली नसते, तिथे घड्याळाकडे बघत बसू नका, जेलची वेळ तेवढी पाळा.

सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पाच तास लागणाऱ्या माणसाला पावणेतीन तास उजेडात आणि त्यातले दोन तरी खऱ्या उन्हात काढायचे असतात. टोपी अंधारातच घालून निघा. ३० किमीनंतर वेग राखता येत नसेल तर नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असा क्रम लावून घ्या. ठरवून चाललेलं मिनिट परत पळायला लावतं, हताश होऊन चाललेलं नाही. पोटरीत गोळा आला तर थांबा, पायाची बोटं स्वतःकडे ओढून तीस सेकंद धरा, मग चालत सुरुवात करा. वाटेत मुंबईकर बिस्किटं, संत्री, मिठाची पाकिटं घेऊन उभे असतात. त्यांचं प्रेम घ्या, पण संत्र्याच्या एक-दोन फोडींपलीकडे नवं काही पोटात टाकू नका.

उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली, बोलताना शब्द चुकायला लागले, छातीत किंवा डाव्या हातात दुखलं, तर तिथल्या तिथे थांबा आणि वैद्यकीय मदतीच्या तंबूत जा. शेवटचा किलोमीटर असला तरी. शेजारचा धावपटू झोकांड्या खात असेल तर त्याला धरा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.

संपल्यानंतर

रेषा ओलांडली की बसू नका. पंधरा मिनिटं चालत राहा, नाहीतर रक्त पायांत साठून भोवळ येते. अर्ध्या-पाऊण तासात केळं, दूध किंवा दहीभात पोटात जाऊ द्या. लघवी गडद तपकिरी, कोकाकोलासारखी झाली तर वाट न पाहता रुग्णालयात जा, स्नायूंचा चुरा मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण आहे.

स्वतः गाडी चालवत पुण्याला येऊ नका. घाटात ब्रेक दाबताना पोटरीत गोळा आला तर काय होईल याचा विचार करा. संध्याकाळची डेक्कन क्वीन सोयीची आहे, सीएसएमटीहूनच सुटते आणि डब्यात उठून फिरता येतं. दर तासाला उठून चाला, पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका यामुळे टळतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, लोकलनं दादरला जाऊन गाडी धरायचा बेत असेल तर आधी वेळापत्रक पाहा.

मालिश त्याच दिवशी नको, मंगळवारनंतर हलक्या हातानं. दोन दिवस जिना उतरताना तिरके उतरा, मांड्यांवर भार कमी येतो. पहिला आठवडा नुसतं चालणं, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तळजईच्या मातीत २० मिनिटं सावकाश. तीन आठवड्यांनंतरही एखाद्या जागी बोट ठेवून दाखवता येईल असं हाडाचं दुखणं उरलं असेल, तर पळणं थांबवून अस्थितज्ज्ञाला दाखवा.